बिनझाकणाचे खण

किल्ली फिरली, कडी मागं सरकली आणि दार चार बोटं आत जाऊन अडलं. त्याला आधी वाटलं, दिवसा बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशी जाताना दारामागं बादली विसरल्या असतील. म्हणून त्यानं खांदा लावला, तर पलीकडून कुणीतरी तेवढाच जोर लावून दार परत बाहेर लोटलं. जोर फार नव्हता, पण तो थांबत नव्हता. जिन्यात चांगला उजेड होता, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, आणि हा आपल्याच घराच्या दारात, हातात पावाची पिशवी घेऊन, एका न बोलणाऱ्या माणसाशी रेटारेटी करत होता. 'बाबा, मी आहे. मागं सरका,' तो म्हणाला. जोर तसाच राहिला. शेवटी त्यानं दार सोडून दिलं तेव्हा ते आपटून बंद झालं, आणि फळीला अगदी चिकटून चाललेला बाबांचा श्वास त्याला ऐकू आला. पाचेक मिनिटांनी ते आपणहून बाजूला झाले. कपाळावर, भुवयांच्या वर मधोमध, नाण्याएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. मावशी पाचला जायच्या, तो सहाला यायचा. मधला पूर्ण तास बाबांनी कपाळ दाराला लावून दार बाहेर ढकललं होतं. ते दार आत उघडणारं होतं, पण एवढी गोष्ट बाबांना आता कोण सांगणार?

मलम आणायला तो आतल्या खोलीत गेला. तिथं भिंतीला लागून काचेच्या सात मोठ्या पेट्या होत्या आणि सात पेट्यांत सात अजगर. छोट्या जातीचे, दीड हात लांबीचे, घाबरले की डोकं मधे घालून अंगाचा चेंडू करणारे. नावं ठेवण्याच्या भानगडीत तो पडला नव्हता. एक नंबर, दोन नंबर, असे सात. त्यांतली तीन नंबरची मादी काचेच्या कोपऱ्यात नाक खुपसून वर, खाली, पुन्हा वर करत होती. काचेवर ओल्या रेघा उमटल्या होत्या. त्यानं वाकून पाहिलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरचे खवले गेले होते आणि तिथं लाल दिसत होतं. तो ट्यूब हातात धरून बराच वेळ त्या दोघांच्या मधे, म्हणजे खोलीच्या उंबरठ्यावर, उभा राहिला. मग एकाच ट्यूबमधलं मलम त्यानं आधी बाबांच्या कपाळाला लावलं आणि नंतर तीन नंबरच्या नाकाला. दोघांनीही अंग चोरून घेतलं. त्या रात्री पाव पिशवीतच राहिला.

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसायचा. पुढं डॉक्टर डोळे तपासायचे, मालक फ्रेमा दाखवायचे, आणि मागं चाकावर काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायचं काम याचं. काच कणभर मोठी राहिली तर दाबानं तडकते, कणभर लहान झाली तर एक दिवस गिऱ्हाइकाच्या चहात पडते. वीस वर्षांत त्याची काच कुणाच्या चहात पडली नव्हती. दुकानात त्याला मिलिमीटर म्हणायचे, आणि त्याला ते आवडत नाही असं दाखवायला आवडायचं. लग्नही झालं होतं एकदा. बायको सोडून गेली त्याच महिन्यात पहिला अजगर घरी आला, आणि बायको गेल्याची नि अजगर आल्याची बातमी शेजाऱ्यांनी एकाच दमात गल्लीभर केली. मग बाबांची स्मरणशक्ती विरत गेली, आणि बाबा त्याच्याकडं राहायला आले.

बाबा लिफ्टमन होते. एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये चाळीस वर्षं, स्टुलावर बसून, जाळीचं दार ओढत आणि लोटत. आता सगळं पुसलं गेलं तरी हात मधेच आडवा जायचा, हवेतलं दार ओढायचा. गेल्या वर्षात दोनदा ते घरातून निसटले. पहिल्यांदा चार चौक पलीकडच्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये सापडले. आत येणाऱ्या प्रत्येकाला अदबीनं मजला विचारत होते आणि लोकही सांगत होते. दुसऱ्यांदा मात्र शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालताना पोलिसांना दिसले. पायांत चप्पल नव्हती. त्या दिवशी ताई आली. त्याची ही थोरली बहीण गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळं समोरच्याचा पाय चुकीच्या जागी पडायच्या आधीच तिला दिसायचा, आणि ती तो दाखवूनही द्यायची. तिनं एक संस्था बघून ठेवली होती. मोठी बाग, मोकळे व्हरांडे, फिरायला जागा, बाहेर कुंपण. त्यानं कानावर हात ठेवले. बाबांना परक्यांच्या हातात देणार नाही, म्हणाला. ताईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात बाबा पुन्हा एकदा जरी बाहेर गेले किंवा त्यांना काही झालं, तर ती येऊन त्यांना घेऊन जाणार होती. कपाळावरची ती लाल जागा मुदतीच्या चौथ्याच दिवशीची होती.

घोडं पेंड खात होतं ते खोलीपाशी. घरात खोल्या दोन. आतली सापांनी अडवलेली, म्हणून बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर. डोळा उघडला की समोर दार. बाबांना आत न्यायचं तर साप हलवायला हवेत, आणि सात काचेच्या पेट्या कुठं हलवणार? त्यानं चार नंबरचा साप ज्याच्याकडून घेतला होता त्या म्हाताऱ्याला फोन केला. म्हातारा आयुष्यभर साप पाळलेला, बोलायला तुसडा. त्यानं आधी पेट्यांवरून याची हजेरी घेतली. एवढ्या मोठ्या काचेत ठेवतोस आणि वर नाक घासतात म्हणून रडतोस, म्हणाला. मग त्यानं रॅक कसा करायचा ते सांगितलं. प्लॅस्टिकचे उथळ ट्रे, फळ्यांच्या मधे खणासारखे सरकणारे. ट्रेला झाकण नाही. वरची फळी हेच खालच्या ट्रेचं झाकण. 'त्याला जागा नको असते रे,' म्हातारा म्हणाला. 'त्याला टेकायला पाहिजे असतं. चारी बाजूंनी.' फोन ठेवल्यावरही ते वाक्य खोलीत राहिलं. बाहेर बाबा भिंतीला तळवा लावून, सगळ्या खोलीला वळसा घालून, पुन्हा दारापाशी येत होते.

त्यानं रॅक मनावर घेतला. सगळी मख्खी ट्रेची कड आणि वरची फळी यांच्यामधल्या फटीत होती. फट मोठी राहिली तर साप निघून जातो, आणि साप जिथून डोकं बाहेर काढू शकतो तिथून सगळाच निघतो. फट अजिबात नसली तर ट्रे अडकतो. त्यानं दीड मिलिमीटर धरली. सात ट्रे आणून एकेकाची उंची चार-चार ठिकाणी मोजली, कारण एकाच साच्यातले ट्रेसुद्धा सारखे नसतात हे त्याला काचांवरून ठाऊक होतं. लाकडाच्या वखारीत पांढऱ्या मुलाम्याचा बोर्ड कापून घेताना करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा त्यानं हिशोबात धरली होती. कापणाऱ्यानं त्याचा कागद पाहून विचारलं, कपाट करताय की घड्याळ? काचांच्या पुड्यांचा पुठ्ठा दीड मिलिमीटरचा असतो. तो कापून त्यानं पट्ट्या केल्या. ट्रेच्या कडांवर पट्ट्या ठेवायच्या, वर फळी टेकवायची, गुण्या लावून काटकोन बघायचा, भोक पाडून स्क्रू घट्ट करायचा, आणि मग पट्ट्या ओढून काढायच्या. पट्ट्या निघाल्या की तेवढीच फट मागं राहायची. पाठीमागच्या बाजूनं त्यानं गरम होणारी चपटी पट्टी खोबणीत बसवली, थर्मोस्टॅटची वायर सोडली, आणि ट्रेच्या बाजूंना सोल्डरिंग आयर्ननं हवेची भोकं पाडली. जळक्या प्लॅस्टिकचा वास तीन दिवस कपड्यांतून जाईना. दुकानात मालकानं विचारलं तेव्हा त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

फळीचं दुसरं टोक धरायला बाबाच होते. 'धरा' म्हटलं की धरायचे, 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. एकदा तो चहा टाकायला गेला आणि विसरला, तर वीस मिनिटांनी बाबा तसेच फळी धरून उभे. पण त्या संध्याकाळी ते दाराकडं एकदाही गेले नाहीत, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. एकेक ट्रे आत सरकवून बघताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले, तळव्यानं ट्रे हलकेच लोटला आणि म्हणाले, 'पहिला.' मग दुसरा ट्रे लोटला. 'दुसरा.' सातवा लोटून झाल्यावर त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, 'आपल्याला कुठं?' त्याला हसू आलं, आणि हसता हसता मानेवर काटा आला.

साप आत गेले. काचेच्या पेट्या रिकाम्या करून, एकेक उचलून, त्यानं जिन्याखाली नेऊन टाकल्या. पहिल्या दिवशी फळ्यांच्या मागून घासल्याचे आवाज आले, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. पाचव्या दिवशी त्यानं तीन नंबरच्या ट्रेमध्ये चिमट्यानं उंदीर धरला. चार महिने तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं तो असा झडप घालून घेतला की चिमटाच हातातून गेला. नाकावर नवे खवले धरत होते. पांढऱ्या फळ्या, त्यांच्यामधे ट्रेच्या धुरकट कडा, आणि कसलीच हालचाल नाही. आत कुणी आहे की नाही हे बाहेरून कळतसुद्धा नव्हतं. रॅकसमोर उभं राहिलं की त्याच्या खांद्यांतला ताण उतरायचा. दुकानातून निघताना त्याला घराची नव्हे, त्या भिंतीची ओढ लागायची. त्यात आनंद होता हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. लहानपणी तो एकदा बाबांच्या लिफ्टमध्ये दिवसभर बसला होता, स्टुलामागं, बाबांच्या पायांना टेकून. दार बंद झालं की बाहेरचे आवाज तुटायचे. त्या दिवशीइतकं सुरक्षित त्याला पुन्हा कधी वाटलं नव्हतं, बायकोच्या कुशीतही नाही.

बाबांची खाट आतल्या खोलीत आली, पण बाबा सुधारले नाहीत. पेट्या गेल्यानं खोली मोकळी झाली होती आणि मोकळ्या खोलीत ते रात्रंदिवस फेऱ्या घालू लागले. तळवा भिंतीला, भिंतीवरून रॅकला, रॅकवरून दाराला, पुन्हा भिंतीला. त्यांना बघता बघता त्याला म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं. आठवलं असं म्हणणंही खोटं, ते गेलंच कुठं होतं? त्यानं कपाट ओढून खाटेच्या एका बाजूला आणलं. दुसऱ्या बाजूला रॅक होताच. बाबा त्या दोहोंच्या मधे जरा थांबले. त्यानं आणखी थोडं ओढलं. पुढच्या रविवारी बोर्डाच्या उरलेल्या दोन पट्ट्या त्यानं खाटेच्या दोन्ही कडांना बिजागऱ्यांनी लावल्या, झोपल्यावर वर उचलून खटक्यानं बसतील अशा. माप घ्यायला तो स्वतः त्या खाटेवर आडवा झाला. बापलेकांचे खांदे एकाच रुंदीचे. दोन्हीकडं दोन-दोन बोटं सोडली. मावशींना सांगितलं, पडायला नकोत म्हणून. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून डोक्याच्या बाजूला वर एक फळी आडवी ठोकली. ती पुढं वाढवत वाढवत छातीपर्यंत आणली. गरम पट्टीचा हातभर तुकडा उरला होता. बाबांचे पाय नेहमी गार, तो गादीखाली गेला आणि त्याची वायर त्याच थर्मोस्टॅटला जोडली गेली. सगळ्याला कारण होतं, आणि प्रत्येक कारण ऐकणाऱ्याला पटलंच असतं.

बाबा थांबले. त्याच आठवड्यात. मध्यरात्रीच्या फेऱ्या थांबल्या, हवेतलं दार ओढणं थांबलं, कपाळाची खपली पडून खाली नवी गुळगुळीत कातडी आली. तो संध्याकाळी यायचा तेव्हा दार मुकाट्यानं उघडायचं. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि तो श्वास सोडताना आपल्याला कुणी बघितलं नाही ना, असं का वाटलं ते त्याला कळलं नाही. मावशींना मात्र हे काही आवडलेलं दिसत नव्हतं. आधी त्या आडून आडून बोलल्या. हल्ली बाबा हाकेला ओ देत नाहीत, अर्धी ताटली परत येते, अंड्याचा पांढरा भाग तोंडातच धरून ठेवतात. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. जो जीव धावपळ करत नाही त्याला लागतं किती? तीन नंबरला आठ-दहा दिवसांतून एकदा पुरत होतं आणि ती तुकतुकीत दिसत होती. मग एक दिवस जायच्या वेळी मावशी चपला घालून पुन्हा आत आल्या. त्या म्हणाल्या, 'दादा, मला वाटायचं ते झोपलेत. झोपलेले नसतात ते. दिवसभर डोळे उघडे असतात.'

सापांना पापण्या नसतात. झोपेतही डोळे उघडे. हे तो मावशींना सांगणार होता, आणि शब्द तोंडाशी आल्यावर त्याला कळलं की तो कशाबद्दल काय सांगायला निघाला होता. मावशी थोडा वेळ थांबून निघून गेल्या. तो बाबांच्या खोलीत गेला नाही. चहा केला, प्याला, कप विसळला, पुन्हा विसळला. मग गेला. वरच्या फळीखाली अंधार होता आणि अंधारात दोन ओले ठिपके होते. 'बाबा, बरं वाटतंय ना?' ठिपके हलले नाहीत. पण चेहरा शांत होता, हे कुणालाही कबूल करावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या कपाळावर आठी नव्हती. लिफ्टमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं स्वतःला समजावलं, त्याला आपली जागा सापडली. मी ती मापून दिली. ज्याचं त्याला माप मिळालं की सगळे शांत होतात.

दुकानात त्याचं स्टूल हळूहळू कोपऱ्यात सरकलं. आधी चाकाजवळ उजेड बरा म्हणून, मग पुढून वारा येतो म्हणून. एका बाजूला फ्रेमांचं कपाट, दुसरीकडं घासायचं यंत्र, पाठीला भिंत. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर बाकावर जाऊन बसत, तो तिथंच डबा उघडायचा. काच फ्रेममध्ये बसताना एक बारीक टक् आवाज होतो. तो आवाज त्याला आता हाडांत ऐकू यायचा. रस्त्यानं चालताना त्याला लोक सुटे वाटू लागले, कशातच न बसवलेले. हात हलवत, मधेच वळत, मोठ्यानं बोलत चाललेले. त्यांचं त्याला भय वाटायचं आणि कीवही यायची. तो भिंतीच्या कडेनं, खांदा भिंतीला लागेल इतका जवळून चालायचा. एका संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी पोचल्यावर त्यानं पाहिलं, कोटाची एक बाही खांद्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्या चुन्यानं भरली होती. त्यानं ती झटकली. रविवारी त्यानं नेहमीप्रमाणं सातही साप पिशवीत घालून काट्यावर टांगले, वजनं वहीत उतरवली. सगळ्यांची वाढली होती. त्या वहीत सातच रकाने होते.

मुदत संपली त्या रविवारी दुपारी ताई आली. हातात संस्थेचे कागद होते, सही तेवढी बाकी. आल्या आल्या तिनं चपला काढायच्या आधी दाराची कडी तपासली, खिडक्या तपासल्या, आणि बाबा कुठं आहेत म्हणून विचारलं. तिच्या चेहऱ्यावर भांडणाची तयारी होती. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिचा आवाज येईना. तो मागोमाग गेला. ती खाटेशी वाकली होती. एक पट्टी खाली पाडून तिनं बाबांचा हात बाहेर घेतला होता, आणि त्यांच्या कपाळावरून बोट फिरवत होती, जिथं खपली होती तिथून. रॅककडं तिचं लक्षही गेलं नाही. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. ती म्हणाली, बाबा असे निवांत तिनं कधीच बघितले नव्हते. आई होती तेव्हासुद्धा नाही. जरा वाळलेत, पण वयच आहे. तू हे कसं केलंस, असं तिनं चार वेळा विचारलं. त्याला सांगता आलं असतं. थर्मोस्टॅटवरचा आकडासुद्धा सांगता आला असता.

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं बाबांना उठवून बसवलं. बाहेरच्या खोलीतून जाऊन घराचं दार सताड उघडलं. जिन्यातला उजेड सरळ आतल्या खोलीपर्यंत आला. 'चला बाबा,' ती म्हणाली, 'पायी जाऊन येऊ. पूर्वी जायचो तसं.' आणि मागं वळून त्याला म्हणाली, 'तुला आठवतं? सगळे बसनं यायचे, आणि बाबा एवढ्या लांबून रोज चालत. आई ओरडायची. ते म्हणायचे, दिवसभर खोक्यात असतो, निदान घरी तरी पायांनी येऊ दे.'

त्याला आठवत नव्हतं. मग आठवलं. धुळीनं भरलेले बूट, दारात बसून बूट काढणारे बाबा, लाल झालेला, घामेजलेला, हसरा चेहरा. रोज. ही आठवण त्याच्याजवळ सगळा वेळ होती आणि त्यानं तिच्यावर कपाट ओढलं होतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये स्टुलामागं बसून तो स्वतः सुखी झाला होता, बाबांना त्यानं विचारलंच नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या कडेनं अनवाणी चाललेला माणूस हरवला नव्हता, घरी निघाला होता. त्याचे स्वतःचे पाय गार पडले. ताईनं बाबांचा हात धरून त्यांना चालवत आतल्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आणलं. तिथं बाबा थांबले. समोर उजेड होता, उघडं दार होतं, आणि ते त्याकडं, आपल्याला उन्हाचा त्रास होतोय असं बघत होते. मग त्यांनी ताईच्या हातातून हात अगदी हळू, दुखावणार नाही असा सोडवून घेतला. वळले. खाटेवर आडवे झाले, आणि ताईनं पाडलेली पट्टी आतून हात घालून स्वतःच वर ओढली. खटका बसला. तो कसा बसतो हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

'बघ,' ताई डोळे पुसत म्हणाली, 'जायचंच नाहीये त्यांना. आणि मी वेडी कागद घेऊन आले.'

'ताई,' तो म्हणाला, 'घेऊन जा त्यांना.'

तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय, किंवा टोमणा मारतोय. तो पुन्हा म्हणाला. आजच घेऊन जा. बाग आहे म्हणाली होतीस ना, व्हरांडे आहेत म्हणाली होतीस. त्याला पुढचं बोलता येईना, कारण पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सांगायला गेलं की प्रत्येक गोष्टीचं कारण आधी पुढं येऊन उभं राहत होतं. पडू नयेत म्हणून. उजेड नको म्हणून. पाय गार म्हणून. ताईनं त्याचा दंड धरला. तू थकलायस, म्हणाली. दोन महिने डोळ्यांत तेल घालून केलंस, आता हातपाय गाळू नकोस. 'एवढे शांत आहेत. त्यांना कशाला हलवायचं?' तिनं सकाळीच संस्थेला फोन करून जागा आठवडाभर राखून ठेवायला सांगितलं होतं, आता उद्या नको म्हणून कळवणार होती, म्हणजे यादीतल्या पुढच्या कुणाची तरी सोय होईल. जाताना तिनं कित्येक वर्षांनी त्याला जवळ घेतलं. तिच्या मिठीत तो अंग आक्रसून उभा राहिला. मग जिन्यात तिची पावलं वाजली, खालचं दार वाजलं, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तो आत गेला. दोन्ही पट्ट्यांचे खटके सोडून त्यानं त्या खाली पाडल्या, वायर उपसून काढली, वरची फळी हिसके देऊन उखडली. खिळे वाकले, भिंतीचा गिलावा गादीवर पडला. 'बाबा,' तो म्हणाला, 'चुकलो मी. उठा. चालायला जाऊ. मी येतो बरोबर. जिथं म्हणाल तिथं.' त्याचा आवाज फाटला होता. रॅकमध्ये काही हललं नाही. बाबांनी डोळे त्याच्याकडं फिरवले. कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाकडं तरी पाहिलं होतं. ते मुलाला रडताना बघत होते, आणि काय करावं हे त्यांना समजत होतं असं दिसलं. ते रॅकच्या बाजूला सरकले. अंगावरची चादर एका हातानं उचलून धरली.

'ये,' ते म्हणाले. 'जागा आहे.'

जागा नव्हती. तिथं एका माणसाची जागा होती आणि दोन-दोन बोटं. ते माप त्यानं स्वतःच्या खांद्यांनी घेतलं होतं. पण बाबा चादर धरून थांबले होते, पूर्वी फळी धरून थांबले तसे, आणि 'सोडा' म्हणायला त्याची जीभ उचलेना. तो खाटेच्या कडेवर बसला. पाय वर घेतले. मग कुशीवर आडवा झाला, पाठ बाबांकडं करून, अंग आवरून. तो वाट बघत राहिला, आता कड लागेल, आता खाली पडेन. कड लागली नाही. पाठीला फक्त एक बरगडी लागली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. चादर अंगावर आली.

दोघंही मावले.